लेकीला डॉक्टर व्हायचंय, पण बाग विकून?

द्राक्षघड
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यजमान तासगावजवळची आमची द्राक्षबाग बघतात. धाकटी लेक अठरा वर्षांची आहे. यंदा (२०२५) ४ मेला तिनं 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दिली. फिजिक्सनं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं, तसं तिचंही. ७२० पैकी ४७१ गुण. शासकीय महाविद्यालय या गुणांवर मिळणार नाही हे पहिल्या यादीनंतर समजलं. एका खासगी महाविद्यालयात जागा लागते आहे. फी वर्षाला साडेअकरा लाख, ती साडेचार वर्षं. होस्टेल, मेस, पुस्तकं धरली तर साठ लाखांच्या घरात जातं. यजमानांचं म्हणणं, खालची दोन एकर बाग विकू आणि मोकळं होऊ. ती बाग सासऱ्यांनी लावलेली. एकूण बाग साडेतीन एकर.

पैशाचा प्रश्न आहेच. पण त्याच्याही आधी मला दुसरंच टोचतं आहे. साडेपाच वर्षं एमबीबीएसची, मग नीट-पीजी, मग तीन वर्षं एमडी किंवा एमएस, आणि वाटलंच तर त्यावर आणखी तीन. एवढ्या लांबच्या गोष्टीला अठराव्या वर्षी हो म्हणायचं! मी तिला विचारलं, तुला का व्हायचंय डॉक्टर? ती म्हणाली, "मला नीट सांगता येत नाही आई, पण दुसरं काही डोळ्यासमोरच येत नाही."

हे उत्तर पुरेसं आहे का? जे या वाटेवर आहेत, जे चालून गेले, जे अर्ध्यातून परतले, त्यांनी मोकळेपणानं सांगावं. आठवड्याभरात ठरवायचं आहे.

माणकाठ
ताई, सरळ सांगतो. मी आटपाडीकडचा. २०१८ साली थोरल्यासाठी दीड एकर विकली. डाळिंब होतं. भावकीनं नावं ठेवली, सासुरवाडीनं ठेवली. आज पोरगं एमडी मेडिसिनला आहे. गावातून फोन आला तर कुणाचंही बोलणं ऐकून घेतो, रिपोर्ट मोबाईलवर बघतो. माझ्या बापाला जमिनीनं काय दिलं? दुष्काळ दिला. जमीन पोरांसाठीच असते. लेक म्हणते ना दुसरं काही दिसत नाही, मग तुम्ही कशाला दुसरं दाखवताय? विका आणि पाठवा.

रात्रपाळी
मी जनरल सर्जरीचा जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. मोठ्या शासकीय रुग्णालयात आहे, नाव सांगत नाही. आठवा महिना चालू आहे. आत्ता वॉर्डात शांत आहे म्हणून लिहितो, मध्येच थांबलो तर समजून घ्या.

द्राक्षघड ताई, लोक तुम्हाला दोनच चित्रं दाखवतील. एक पाटी लावलेल्या डॉक्टरचं आणि एक रडणाऱ्या रेसिडेंटचं. मी मधला दिवस सांगतो.

काल आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे होता. सकाळी सहाला वॉर्डात आलो. लेक्चरर सर साडेआठला राऊंड घेतात, त्याच्या आत सगळ्यांची ड्रेसिंग झालेली हवीत, रिपोर्ट केस पेपरवर चढलेले हवेत. मधुमेहानं पाय सडलेले चौघे होते. त्या ड्रेसिंगला प्रत्येकी वीस मिनिटं जातात आणि वास कपड्यांत राहतो. दुपारी ओपीडीतून एक पोटफुगीचे काका आले, साठीचे, माणदेशातलेच, एसटीनं आलेले. तीन दिवस पोटात दुखत होतं, गावात इंजेक्शनं घेत होते. एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा. आतडं फुटलेलं. संध्याकाळी सातला रक्त हवं होतं तेव्हा वॉर्डबॉय मामा दुसऱ्या ट्रॉलीवर होते, म्हणून सॅम्पल घेऊन मीच रक्तपेढीकडे पळालो. रात्री दहा ते एक ऑपरेशन. माझं काम पोट उघडं ठेवणारा रिट्रॅक्टर धरायचं, सक्शन करायचं, आणि शेवटी त्वचेचे टाके घालायला मिळाले. मग आयसीयूत बेड नाही म्हणून वॉर्डातच त्यांच्याजवळ बसून दर तासाला लघवी मोजली. पहाटे पाचला ती वाढायला लागली, म्हणजे काका सावरत होते, तेव्हा मला जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. सकाळी सहाला पुन्हा ड्रेसिंग. आज पोस्ट-इमर्जन्सी, म्हणजे आजही सुट्टी नाही. छत्तीस तास झाले.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलं आहे. तेहतीस वर्षं झाली. मी आठवड्याला शंभराच्या पुढे जातो. हे चूक आहे आणि ते बदललं पाहिजे असंच माझं मत आहे. "आम्हीही असंच केलं" म्हणणाऱ्या सिनियरांचं मला पटत नाही. दमलेल्या माणसाच्या हातून डोस चुकतो.

आमची नीट-पीजी २३ जून २०२४ ला होती. मी सेंटरच्या गावी जाऊन मुक्काम केला होता. २२ च्या रात्री कळलं की परीक्षा पुढे गेली. मग ११ ऑगस्ट ठरली. ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात आमच्यासारखीच ड्युटीवर असलेली डॉक्टर मुलगी मारली गेली. दोन दिवसांनी आम्ही पेपर लिहायला बसलो. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या दिवशी कशा लिहू शकल्या मला माहीत नाही. ताई, तुम्ही लेकीला पाठवताय म्हणून हे लपवत नाही. ड्युटी रूमला आतून कडी आहे का, हे मुलींना अजून तपासून घ्यावं लागतं.

आता तुमचा प्रश्न. "दुसरं काही डोळ्यासमोर येत नाही" हे मीही म्हणायचो. बारावीला बायोलॉजी घेतलेल्या, अभ्यासात बऱ्या असलेल्या पोराच्या डोळ्यासमोर दुसरं काही येऊच दिलेलं नसतं. मला कळलं ते दुसऱ्या वर्षी, वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर. तोवर शरीररचना आणि बायोकेमिस्ट्री पाठ करत एक वर्ष गेलं होतं. मला आवडलं, हे माझं नशीब. माझ्या रूममेटला आवडलं नाही. तो आजही डॉक्टर आहे.

द्राक्षघड
रात्रपाळी, मी तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. मग तासाभरानं येऊन विचारते, "त्या काकांचं पुढे काय झालं?"

ओ_निगेटिव्ह
ज्या खिडकीकडे रात्रपाळी पळाले तशाच एका खिडकीच्या आत मी बसतो. दुसऱ्या शहरात. रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे.

'नीट' मी २०१६, २०१७, २०१८ अशी तीन वर्षं दिली. त्यातली दोन लातूरला, रिपीटर बॅचमध्ये. एका खोलीत चार कॉट, भिंतीवर उलट मोजणीचं कॅलेंडर, मेसचा तोच डबा. लातूर पॅटर्ननं मला वाईट शिकवलं असं मी म्हणणार नाही, तिथल्या शिक्षकांनी जीव ओतला. पण दुसऱ्या प्रयत्नानंतर मला अभ्यास आवडेनासा झाला होता आणि ते घरी सांगायची हिंमत नव्हती. वडिलांनी प्रत्येक वेळी "एकदाच अजून" म्हटलं. त्यांना वाटायचं मी थांबलो तर खचेन. मला वाटायचं मी थांबलो तर ते खचतील. तिसऱ्या निकालानंतर आईनं माझी ट्रंक उघडून पुस्तकं काढली आणि शेजारच्या मुलीला देऊन टाकली. त्या दिवशी मला झोप लागली.

मग बी.एस्सी. एमएलटी, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदवी, केलं. मला हे काम मनापासून आवडतं. क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळतं का ते बघायला, पाऊण तास लागतो आणि खिडकीबाहेर एप्रनवाला पोरगा दर पाच मिनिटांनी "झालं का" विचारतो. मी त्याच्यावर कधी ओरडत नाही. माझ्या हातून गेलेल्या पिशवीवरचा नंबर चुकला तर आत टेबलावरचा माणूस जाईल, हे मला त्याच्याइतकंच माहीत असतं. डॉक्टरकीची डिग्री नाही म्हणून मी रुग्णापासून लांब आहे असं मला कधी वाटलं नाही.

ताई, पुन्हा तयारीसाठी वर्षाचा ड्रॉप घ्यायचाच तर एक. आणि निकालानंतर काय करायचं ते आधी कागदावर लिहून, दोघांच्या सह्या करून ठेवा. मी गंभीरपणे सांगतो आहे. आमच्या घरी तो कागद असता तर माझी दोन वर्षं वाचली असती.

इस्सिक_कुल
कुणीतरी तुम्हाला बाहेरदेशाचं सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. मी बिश्केकला शिकलो, किर्गिझस्तान. २०१७ ला गेलो. एजंटनं अठरा लाख सांगितले होते, घरातून तीसच्या आसपास गेले.

शिक्षण अगदीच वाईट नव्हतं. पण वॉर्डातला रुग्ण रशियन नाहीतर किर्गिझ बोलतो आणि आपली भाषा पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली. पोट कुठे दुखतं हे विचारता येतं, कधीपासून आणि कसं हे उमगत नाही. परत आल्यावर एफएमजीई, बाहेर शिकलेल्यांना इथे द्यावी लागणारी पात्रता परीक्षा. ३०० पैकी १५० लागतात. मला पहिल्यांदा १२७, दुसऱ्यांदा १४६, तिसऱ्यांदा १६२. परीक्षा वर्षातून दोनदा होते, त्यामुळे दीड वर्ष तिथेच गेलं. चार गुणांनी नापास झालो तेव्हा गावात लग्नाला जायचं टाळलं.

नोव्हेंबर २०२१ च्या नियमानंतर तर आणखी नीट बघून जायला हवं. निदान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम एकाच संस्थेत, इंग्रजीतून, वर तिथेच वर्षाची इंटर्नशिप, आणि इथे आल्यावर पुन्हा वर्षभराची. एजंट हे सगळं सांगत नाहीत. आज मी इंटर्नशिप संपवून तालुक्याच्या गावी काम करतो, समाधानी आहे. पण माझ्या बहिणीला मी पाठवलं नाही.

नियमावली
द्राक्षघड, एक विचारायचं राहिलं. तुमचा प्रवर्ग कोणता? २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून मिळालेली जागा हवी, व्यवस्थापन कोटा आणि अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. अनेक पालकांना हे प्रवेश झाल्यावर कळतं.

द्राक्षघड
माहिती काढली होती. माझा पगार धरला की आम्ही आठ लाखांच्या वर जातो. पण ज्यांना लागू आहे त्यांच्यासाठी इथे लिहिलंत ते फार बरं झालं.

मुक्काम_पुणे
माणकाठ काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून वेगळं लिहितो.

मी अभिमत विद्यापीठातून एमबीबीएस केलं. वर्षाला वीस लाखांच्या वर फी. वडिलांनी घर गहाण टाकलं, शिवाय शैक्षणिक कर्ज. मला लहान मुलांचा डॉक्टर व्हायचं होतं आणि पहिली काही वर्षं आदिवासी भागात काढायची होती. हे मी कॉलेजच्या पहिल्या दिवशी ठरवलं होतं, वहीत लिहिलेलं आहे. इंटर्नशिप संपली त्या महिन्यात हप्ता सुरू झाला. पीजीचा अभ्यास करायला एक वर्ष घरी बसणं परवडणार नव्हतं. एका मोठ्या खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीला लागलो.

तिथे महिन्याच्या बैठकीत पडद्यावर तक्ता लावायचे. कुठल्या डॉक्टरच्या किती पेशंटना ॲडमिट केलं, त्याला कन्व्हर्जन म्हणायचे. कुणी तोंडानं "खोटं कर" म्हणत नसे. पण साधा ताप असलेल्या बाईला "एक रात्र ठेवून बघू" म्हणताना माझ्या डोक्यात त्या महिन्याचा हप्ता होता, हे मला माहीत आहे. तिला ठेवायची गरज नव्हती. तिच्या नवऱ्यानं बिल भरताना कुणाला तरी फोन करून पैसे मागवले ते मी काउंटरमागून पाहिलं. ही गोष्ट मी आजवर घरी सांगितलेली नाही.

ती नोकरी मी सोडली. कर्ज अजून चार वर्षं आहे. ताई, लांबलचक वाटेची भीती बाळगू नका, दहा-बारा वर्षं कशीही जातात, आवडत असेल तर पटकन जातात. मला भीती वाटते ती कर्ज डोक्यावर घेऊन चालण्याची. पोरगी कशी डॉक्टर होईल हे त्यातलं निम्मं ठरवतं. जमीन विकली तर बँकेचा हप्ता नसेल हे खरं. पण आजोबांची बाग आपल्यासाठी गेली, हे ओझं तुमच्या लेकीला जाणवणार नाही असं वाटतं का? तिसऱ्या वर्षी तिला कळलं की हे आपलं नाही, तर ती तुम्हाला सांगू शकेल?

माणकाठ
डॉक्टर, तुमचं वाचून मी गप्प झालो. पोराला फोन केला. विचारलं, तुला मधी कधी सोडावंसं वाटलं का. म्हणाला दुसऱ्या वर्षी वाटलं होतं. मग बोलला का नाहीस? म्हणाला, "आबा, डाळिंबाच्या शेतातनं एसटी जाते आपली. प्रत्येक सुट्टीला दिसायचं."

मला हे सात वर्षांत माहीत नव्हतं.

लेबर_रूम
मी स्त्रीरोगतज्ज्ञ, वय ३८. पीजीची प्रवेश परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात, एमएस एकतिसाव्या वर्षी पूर्ण. मुलींच्या बाबतीत जे बोललं जातं त्याबद्दल थोडंसं.

"शिक्षण संपेपर्यंत लग्नाचं वय जाईल" हे तुम्हाला नातेवाईक ऐकवतील. माझं लग्न रेसिडेन्सीत झालं, मुलगी नंतर. प्रसूती रजेचे महिने मला वाढवून भरून द्यावे लागले, बरोबरचे पुढे गेले. तेव्हा फार लागलं होतं. आज ते आठवायलासुद्धा वेळ लागतो. मदतीला सासूबाई होत्या. ज्यांना तशी मदत नव्हती त्या माझ्या दोन मैत्रिणींनी नाइलाजानं नॉन-क्लिनिकल, म्हणजे थेट रुग्ण न तपासण्याचे, विषय घेतले. त्यातली एक आज पॅथॉलॉजीत अत्यंत आनंदी आहे, दुसरी नाही.

वयाकडे बघून हा निर्णय घेऊ नका. ती तिशी गाठणारच आहे, डॉक्टर झाली तरी आणि नाही झाली तरी.

कवठ्याचा_डॉक्टर
उशिरा लिहितो आहे. कवठेमहांकाळ बाजूला माझा दवाखाना आहे. फक्त एमबीबीएस. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून १९९१ साली बाहेर पडलो, चौतीस वर्षं झाली. माझ्या वेळची फी आजच्या एका पुस्तकापेक्षा कमी होती, त्यामुळे पैशाच्या बाबतीत मी कुणाला शहाणपण शिकवणं योग्य नाही. मुक्काम_पुणे यांनी जे लिहिलं ते लिहायला धैर्य लागतं.

मला एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे. वर सगळे धरून चालले आहेत की वाट एमडी, एमएसला जाऊन संपते. सुपरस्पेशालिटी झाली तर उत्तम. "नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं" हे वाक्य मी लग्नसमारंभात दरवर्षी ऐकतो. माझ्याकडे रोज साठ-सत्तर माणसं विचारत येतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, पहाटेची वेळ. एका वस्तीवरून बारा वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर मधे बसवून आणला. रात्री जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात कळ आली म्हणून उठला, घसा दुखतो म्हणाला. बापाला वाटलं अजीर्ण. अंगावर कुठे चाव्याची खूण नाही, सूज नाही. पण पापण्या जड झालेल्या, वर उचलता येईनात. मण्यार. तिचा दंश झोपेत कळतही नाही. सर्पविषावरची लस माझ्याकडे ठेवलेली असते, सुरू केली. तरी श्वास उथळ होत गेला. मिरजेपर्यंतचे चाळीस किलोमीटर मी आणि माझा कंपाउंडर आलटून पालटून अँबू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, दाबत गेलो. कंपाउंडर गाडीत रडत होता आणि मोजत होता. मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहिला आणि घरी आला. आता नववीत आहे.

यात मी काही मोठं केलं नाही. पापणी बघणं, लस हाताशी असणं आणि पिशवी दाबत राहणं. पण सुपरस्पेशालिस्ट मिरजेत होते आणि मुलगा वस्तीवर होता. मधे कुणीतरी लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी वापरून कितीतरी जीव वाचवले, ते काम कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून उभं राहिलं. आम्ही विद्यार्थी असताना त्यांच्याबद्दल ऐकायचो तेव्हा वाटायचं, अशा ठिकाणी राहूनसुद्धा डोकं चालवता येतं.

सरकारी निकषानं एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली तीस हजार माणसं असतात, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजार. तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणून लागलं तर सुरुवातीचा मूळ पगार ५६,१०० आहे, भत्ते वेगळे. शासकीय महाविद्यालयात शिकलं तर एक वर्षाची सेवा सक्तीचीच. मुलं ते वर्ष शिक्षा समजून काढतात. माझ्या मते त्या वर्षातच कळतं की आपल्याला हे काम आवडतं का.

अडचणही सांगतो, नाहीतर चित्र गोड होईल. सात वर्षांपूर्वी एक बाळ माझ्याकडे उशिरा आलं आणि दगावलं. नातेवाइकांनी काचा फोडल्या. बायको आणि आई वरच्या मजल्यावर होत्या. पंधरा दिवस दवाखाना बंद ठेवला. उघडावा की नाही याचा विचार खरोखर केला. सोळाव्या दिवशी त्याच वस्तीतली एक म्हातारी दम लागला म्हणून पायरीवर येऊन बसली, दार उघडेपर्यंत उठेना. मग उघडलं. पण आजही रात्री दारावर जोरात थाप पडली की आईचा हात थरथरतो.

ताई, तुमची लेक अठरा वर्षांची आहे आणि तिनं दवाखाना आतून पाहिलेला नाही. तासगावहून माझ्याकडे यायला फार वेळ लागत नाही. प्रवेश ठरवायच्या आधी चार दिवस पाठवून द्या. माझ्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर बसेल. रुग्णाची परवानगी घेऊन जेवढं बघता येईल तेवढं बघेल. माझी बायको घरी आहे, जेवणाची सोय होईल. तुम्हाला मेसेज करून पत्ता देतो, आधी तुम्ही दोघं येऊन मला भेटून जा.

सिस्टर_वॉर्ड
बावीस वर्षं स्टाफ नर्स आहे. कवठ्याच्या डॉक्टरांचं ऐका, पाठवा. मी दरवर्षी नव्या इंटर्नची बॅच बघते. हुशारी सगळ्यांत असते. मी बघते ते वेगळंच. उलटी झालेल्या पेशंटपासून कोण एक पाऊल मागे जातं आणि कोण आधी ट्रे शोधतं. मागे जाणाऱ्यांतलेही पुढे शिकतात, नाही असं नाही. पण ट्रे शोधणारा पहिल्या आठवड्यात कळतो.

आणि लेकीला एवढं सांगा, वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशींचं नाव पहिल्या दिवशी विचारायचं.

रात्रपाळी
सिस्टर, +१. माझं पहिलं सलाईन एका सिस्टरांनीच लावून घेतलं माझ्याकडून. सरांना अजून माहीत नाही.

द्राक्षघड
सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

आम्ही दोघं रविवारी डॉक्टरांना भेटून आलो. सोमवार ते गुरुवार ती तिथे बसली. पहिल्या दिवशी घरी आली ती न जेवता झोपली. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी सहाला उठून स्वतः तयार. तिसऱ्या दिवशी एका आजोबांच्या पाठीवरचं गळू डॉक्टरांनी फोडलं, तेव्हा तिला घेरी आली आणि कंपाउंडर दादांनी तिला बाहेर बाकावर बसवून लिंबूपाणी दिलं. ती म्हणते, दहा मिनिटांनी पुन्हा आत गेले कारण बँडेज कसं बांधतात ते बघायचं राहिलं होतं.

गुरुवारी रात्री मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी ती बराच वेळ बोलली. तिला सगळ्यात आवडलं ते इंजेक्शन वगैरे काही नाही. एक बाई डोकं दुखतं म्हणून दर आठवड्याला येते, डॉक्टरांनी तिला एकदाही "काही नाही, ताण आहे" म्हटलं नाही. या तिसऱ्या भेटीत विचारलं, चुलीपुढे किती वेळ असता. तिचे डोळे तपासायला पाठवले, घराला धुरांडं आहे का विचारलं. "आई, ते प्रश्न विचारतात ते ऐकायला मला कंटाळा नाही आला. चार दिवस आला नाही."

यजमानांनीही हा सगळा धागा बसून वाचला. माणकाठ भाऊंच्या मुलाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग सकाळी बागेत गेले ते उन्हं चढेपर्यंत आले नाहीत. आल्यावर म्हणाले, बाग ठेवू.

खासगी जागा आम्ही घेत नाही आहोत. एक वर्ष, एकच, ती घरून पुन्हा तयारी करेल. फिजिक्ससाठी सांगलीत शिकवणी बघितली आहे. ओ_निगेटिव्ह, तुमचा कागद केला. तिनंच लिहिला. पुढच्या निकालात शासकीय मिळालं नाही तर बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस, ती ठरवेल, आणि तिसऱ्यांदा नीट नाही. खाली आम्हा तिघांच्या सह्या आहेत. यजमानांनी पेन बराच वेळ धरून ठेवलं होतं, पण केली सही.

तिनं एक मागणी केली आहे. दर शनिवारी दवाखान्यात जाऊ द्याल का? डॉक्टर, चालेल का तुम्हाला?

आणि रात्रपाळी, ती रोज विचारते. ते काका?

कवठ्याचा_डॉक्टर
येऊ दे. नऊपासून गर्दी सुरू होते, साडेआठला पोहोच म्हणावं. चप्पल नको, बंद बूट. डबा आणायचा नाही, माझ्या आईनं आधीच विचारलं आहे तिला कालवण तिखट चालतं का.

ओ_निगेटिव्ह
कागद कपाटात ठेवू नका. फ्रीजवर लावा.

रात्रपाळी
काकांना मध्ये जखमेत पू झाला, दोन टाके उघडावे लागले. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. सरांनी सांगितलं, आत एवढी घाण असताना हे होतं, रोज ड्रेसिंग कर. रोज केली. आता जखम भरते आहे. काल स्वतःच्या पायानं संडासापर्यंत गेले आणि परत आल्यावर त्यांनी मला विचारलं, डॉक्टर, ज्वारीची पेरणी चुकेल का माझी?

मी म्हटलं, यंदा मुलाला करू द्या. नाराज झाले आहेत माझ्यावर.